स्पोर्ट

मूंटा गावी ट्रेगेन्झाच्या रोपवाटिकेत
सगळ्यांना एकच नाव होतं: स्पोर्ट.
टपालवाल्याला, पाद्रीबुवांना,
दारू पिऊन कुंपणात गाडी घालणाऱ्या पोल्ग्लेझला,
आणि मलाही, कुंड्या धुणाऱ्या पोराला.
"काय स्पोर्ट, जेवलास?"
नावं विसरायचा मर्व्ह, की सगळेच त्याच्या संघातले,
कधी विचारलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी त्याचा गुडघा
शनिवारच्या मैदानावरच राहिला.
ज्यानं तो मोडला त्याच्याशी
स्ट्रेचरवरून हात मिळवला म्हणे.
गाव म्हणालं, याला म्हणतात स्पोर्ट.
मग तेच गाव पबमध्ये त्याच्या लंगडीची नक्कल करायचं.
शाळेत मिस नॅनकिव्हेल सांगत,
जुन्या इंग्रजीत त्यालाही हाच शब्द आहे.
मर्व्ह हसायचा.
खिलाडूपणा एकदा अंगाला चिकटला
की आंघोळीनं जात नाही.

एका ऑक्टोबरात
फिकट पिवळ्या गुलाबाच्या झुडपावर
एकच फांदी तांब्याच्या रंगाची फुलली.
खाणी बंद पडल्यावर असा रंग
मी गावात पाहिला नव्हता.
"रोग आहे का?" मी विचारलं.
"स्पोर्ट आहे," तो म्हणाला.
मला वाटलं, मलाच हाक मारली.
"मूळ तेच, खोड तेच.
एका डोळ्याच्या मनात आलं
वेगळं व्हायचं. कुणाची चूक नाही रे."
शेवटचं वाक्य तो झुडपाकडे बघून बोलला.

त्याचा डेन्झिल मेलबर्नला.
मैदानावर कधी न उतरलेला,
कानात डूल घालणारा,
गेलेल्याला अकरा वर्षं झालेला.
जगात फक्त त्यालाच मर्व्ह
पूर्ण नावानं बोलवायचा,
आणि तेही त्याच्या पाठीमागे.

फेब्रुवारीत त्यानं डोळा भरला.
चाकू धरलेला हात स्थिर होता.
बाकीचं मी पाहिलं नाही,
सुतळी आणायला गेलो होतो,
जरा सावकाशच.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत
उघड्या मुळांचं रोप ओल्या गोणपाटात बांधून
पोस्टात टाकायला मला दिलं.
पाकिटावर पत्ता होता. चिठ्ठी नव्हती.
जातीचं नाव लिहायच्या पट्टीवर
पेन्सिलीनं एकच शब्द.

पोस्टातल्या बाईनं विचारलं,
"आत काय आहे?"
मी पट्टी वाचून दाखवली.
फुलाचं वर्णन होतं ते,
की मुलाला मारलेली हाक,
तिनं विचारलं नाही.
वजन केलं, तिकीट लावलं.