बावीस नंबर

रात्री साडेअकरानंतर फहाहीलच्या या फ्लॅटमध्ये
एसीची घरघर आणि मी, दोघीच जाग्या.
ओट्यावर परवाच्या उसळीची मटकी भिजलीय
आणि लॅपटॉपवर एक रकाना विचारतोय :
सध्याचे वास्तव्य?

कुवेत, लिहिते.
वास्तव्याचा प्रकार?
इकामा. कलम बावीस. नवऱ्याच्या नावावर.
कार्डावर व्यवसायाच्या जागी जे छापलंय
ते इथं लिहीत नाही.
इथं लिहिते : संशोधक, चित्रकार.
आणि बघत राहते दोन्ही शब्दांकडे,
पाहुण्यांसाठी काढलेल्या ठेवणीतल्या कपांकडे
घरच्यांनी बघावं तसं.

विषय : काथ्या.
म्हणजे गलबताच्या फळ्या शिवायची दोरी,
ती ओढताना तोंडात आलेले शब्द,
आणि त्या शब्दांची मी शाईत काढलेली चित्रं.
नाखवा. मालिम. बंदर.
आपला साग इथं उतरला तो साज होऊन.
कोण कुठून निघालं, कोण कुठे पोचलं,
कोण मस्कतला गोडं पाणी भरायला थांबलं
आणि तिथलंच होऊन गेलं,
हे मला शोधायचंय.
अडीचशे शब्दांत सांगा, म्हणतात.
दोनशे एकोणपन्नास होतात.
उरलेल्या एकाचं काय करू?

मागच्या महिन्यात मेसेज आला होता :
रेसिडेन्सी मंजूर.
कणकेच्या हातानं फोन घेऊन मी बाल्कनीत,
खाली सगळा समुद्र माझ्याकडे बघतोय असं वाटलं.
मग पुढची ओळ वाचली. मुदत एक वर्ष. गृहमंत्रालय.
नंदन म्हणाला, सुटलो बाई एकदाचे.
मीही म्हटलं, सुटलो.
फोनच्या काचेवरची कणीक वाळेपर्यंत
तिथंच उभी होते.

एका दीपगृहानं नाही म्हटलं.
डोंगरातल्या बंद पडलेल्या सूतगिरणीनं नाही म्हटलं,
फार गोड शब्दांत,
मुलगी पसंत नसली की पत्रिकेवर ढकलतात तसं.
कलावाले म्हणाले, तुम्ही अभ्यासक वाटता.
विद्यापीठ म्हणालं, हे तर चित्रकाम.
नरसिंहाला उंबरठा एकदाच लागला, काम झालं की उठला.
माझं बिऱ्हाडच तिथं.

शिफारस करणारे दोघे हवेत.
एक पुण्याच्या बाई,
तीन आठवड्यांनी मेल उघडतात आणि दोन ओळींत सही करतात.
दुसरे बू नासर.
चौऱ्याऐंशी वर्षं, डोळ्यांत मोतीबिंदू,
अकराव्या वर्षी बापाच्या गलबतावरून मुंबईची गोदी पाहिलेले,
अजून दिनाराला चुकून रुबिया म्हणतात.
ईमेल नाही. नातवाचा आहे.
लेटरहेड हवं, असं पोर्टल म्हणालं,
तर नातवानं वर एक गलबत चिकटवलं
आणि आजोबा बोलले तसं टाइप केलं :

"ही बाई दर गुरुवारी येते.
गाठ कोणत्या हातानं मारायची, असं विचारलं तिनं.
मला आठवेना. मग दोरी हातात घेतली,
हातानं सांगितलं : डावा.
माझ्या मुलांनी हे कधी विचारलं नाही.
तिला कुठेतरी एक खोली हवी आहे म्हणे. द्या.
नाही दिलीत तर ती इथंच येत राहील.
मला चालेल."

मुदत मध्यरात्रीपर्यंत,
पण त्यांच्या मध्यरात्रीपर्यंत,
म्हणजे मला अजून दोन तास.
प्रवासखर्च अर्जदाराचा.
सोबत कुणी येणार आहे का? होय, नाही.
या रकान्यावर मी जरा जास्तच थांबते.
आतून नंदन झोपेत विचारतो, झालं का?
होतंय, म्हणते.

उठते. मटकी उपसते,
पांढऱ्या फडक्यात घालते, पाणी पिळते.
गाठ मारून झाल्यावर लक्षात येतं,
डाव्या हातानं मारली.