अडीच तोळे

कागदावर रहमीम शालोम पेझारकर,
निरीक्षक, वजनमापे खातं, निवृत्त.
मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरांचे पप्पा.

त्यांची एक लाकडी पेटी होती.
निळ्या मखमलीच्या खळग्यांत पितळेची वजनं,
किलोपासून ग्रॅमपर्यंत उतरत्या भाजणीनं,
शाळेच्या फोटोतल्या पोरांसारखी.
हात लावायचा नाही.
बोटाचा घाम वजन वाढवतो, म्हणायचे.
मी नातवंडांत थोरली, म्हणून एकदा
चिमट्यानं दोन ग्रॅमचं उचलू दिलं.
ते पडलं, फरशीच्या फटीत गेलं.
पप्पा काही बोलले नाहीत.
दर पेसाखला घर धुताना मात्र
ती फट दाभणानं टोकरत बसायचे.

भायखळ्याच्या बाजारात त्यांचा धाक.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच
म्हणे वासावरून ओळखायचे.
एकदा कुणा भाजीवालीनं पिशवीत हळूच
दोन टोमॅटो जास्तीचे टाकले.
घरी कळलं, तसेच उलट पावली गेले.
बसचं तिकीट टोमॅटोंहून महाग.
आजी म्हणाली, तुमच्या इमानाला
फोडणी देता आली असती तर
आज भाजी झाली असती.

शुक्रवारी शिक्क्याची जांभळी शाई
बोटांवरून घासत मोरीत बराच वेळ उभे.
मग दिवे, मग काळ्या मनुकांचं सरबत,
मग ते हिब्रू. अर्थ विचारला
तर मराठीत सांगायचे, आणि सांगताना
आवाज थेट अलिबागचा व्हायचा.
"आपले पणजोबा तेली. शनिवारी घाणा बंद.
बैलालासुद्धा ठाऊक.
रविवारी पहाटे तो आपणहून उठून
जोखडापाशी जायचा."
बैलाचं खरंखोटं आम्ही तपासलं नाही.
एवढं एकच माप त्यांनी
आयुष्यात ढिलं सोडलं होतं.

गेले एकेक. याफाआत्या लोदला,
बेन्यामिनकाका अश्दोदला,
खालचे चिंचोळकर, वरचे दिवेकर,
कपाटं विकून.
पप्पाही गेले. तीन महिन्यांत परत.
तिथे काय कमी होतं?
"काही नाही गं. सगळं पाकीटबंद,
वजन वर छापलेलं.
माणसानं भांडायचं कशावरून?"

मग दर शनिवारी सिनेगॉगच्या पायरीवर
येणारे मोजत उभे.
प्रार्थनेला दहा लागतात.
नऊ झाले की आत यायचे.

त्या बुधवारी त्यांना आंघोळ घातली,
सब्जाच्या डहाळ्या आणल्या कुणी तरी,
आणि पुरुष मोजले. नऊ.
पुन्हा मोजले.
सगळे दाराकडे बघत राहिले,
जिथून दहावा नेहमी यायचा.
जिन्यात युसुफभाई तांदूळवाले उभे होते,
ज्यांना पप्पांनी दोनदा दंड ठोकलेला.
"मला मोजून चालत नाही ना?" म्हणाले,
आणि खांदा द्यायला थांबून राहिले.
तासाभरानं ठाण्याहून नथानेल झिराडकर आला,
हेल्मेट तसंच डोक्यावर,
टोपीच्या जागी चालेल का विचारत.
चाललं.

तेवढ्यात आजी म्हणाली, पेटी आणा.
झाकणाच्या अस्तरामागे एक पुडी होती,
दोऱ्यानं बांधलेली, लाखेनं बंद,
वर त्यांचं ते तिरकं, टोकदार अक्षर:

यरुशलेमची माती. डोळ्यांवर घालावी.
अडीच तोळे, पुडीचं वजन वजा करून.

तोळे!
तोळ्याचा हिशेब ठेवणाऱ्या
अख्ख्या बाजाराला ज्यानं नोटिसा दिल्या,
तो माणूस.
आजी तोंडाला पदर लावून हसत होती
की रडत, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

खाली आणखी एक ओळ होती,
वेगळ्या शाईत, बहुधा मागाहून घातलेली:

बाकी वरळीची चालेल.