वर्गणी

दरवर्षी जुलैत बँकेत फॉर्म भरतो.
अठ्ठेचाळीस युरो. कारण?
क्लबची वर्गणी.
काउंटरवरची मुलगी विचारते, कुठला काका, लायन्स की रोटरी?
फुटबॉल, म्हणतो. जर्मनीतला.
ती माझ्या गुडघ्यांकडे बघते.

मोठ्या क्लबांची नावं नातवाला पाठ आहेत.
पिवळी भिंत होऊन उभे राहणारे पंचवीस हजार लोक
तो मला मोबाइलवर दाखवतो.
माझा क्लब त्यातला नाही.
चौथ्या डिव्हिजनमधला, बंद पडलेल्या खाणीच्या गावचा.
मैदानाला लागून कोबीचं शेत,
नेम चुकला की चेंडू कोबीत.

चाकणच्या प्रेस शॉपमधून सहा महिने पाठवलं होतं,
डाय सेटिंग शिकायला.
पहिल्याच शनिवारी उवे म्हणाला, चल.
देव कुठला, खाणं कुठलं, काही विचारलं नाही.
स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून माझ्या गळ्यात टाकला:
आता तू निळा-पांढरा. विषय संपला.

तिथं खुर्ची नसते. उभ्यानं बघायचं.
पायऱ्या, लोखंडी कठडा, ओले ओव्हरकोट,
जागांना नंबर नाहीत
तरी कुणाची कुठली ते सगळ्यांना ठाऊक.
कठड्याचं डावं टोक उवेच्या वडलांचं.
ते जाऊन नऊ वर्षं झालेली,
अजून तिथं कुणी कोपर टेकत नव्हतं.
आम्ही सात-शून्यनं हरलो.
शेवटची दहा मिनिटं लोक सगळ्यात मोठ्यानं गात होते.
मला वाटलं, मलाच स्कोअर कळला नाही.

आमच्या क्लबला शेठ नाही.
हे डोक्यात शिरायला वेळ लागला.
चाकणला साहेब होता, साहेबावर साहेब,
त्याच्यावर कुठल्याशा काचेच्या इमारतीत आणखी कुणी.
युनियन काढली त्या वर्षी आमचे अकरा जण गेटबाहेर.
पुरी टीम की रे, उवेनं लिहिलं होतं.

मग एक रंगाची कंपनी आली.
क्लबचं कर्ज फेडतो म्हणाली,
फक्त नावाच्या आधी आमचं नाव लावा.
शाळेच्या जिममध्ये सभासदांची सभा.
मत द्यायला हजर असावं लागतं,
मी निगडीत, सेक्टर सत्तावीसला, कुकरच्या शिट्ट्या मोजत.
उवेनं नकारासाठी उजवा हात वर केला.
मग डावा.
हा हेर कायरनारचा, म्हणाला.
हॉल हसला. मोजणाऱ्यानं एकच मोजला.
नाव राहिलं.
पुढच्या मोसमात आम्ही पाचव्या डिव्हिजनला.

यंदा मार्चअखेर कारीनचं पत्र.
शेजारची ऋजुता जर्मनच्या क्लासला जाते, तिनं वाचलं.
शवपेटीवर मफलर ठेवला होता.
मॅचआधी एक मिनिट सगळे गप्प,
कोबीच्या शेतातला ट्रॅक्टरसुद्धा.
शेवटची ओळ ऋजुतानं दोनदा वाचली, तिला व्याकरण पटेना:
कठड्याशी दोन जागा रिकाम्या आहेत, त्यातली एक तुझी.

ट्रंकेतून मफलर काढला, डांबरगोळ्यांच्या वासासकट,
आणि बाल्कनीत उभा राहिलो. अडतीस डिग्री.
खालून कुणीतरी विचारलं, ताप आहे का हो?

रविवारी सोसायटीची वार्षिक सभा. विषय सातवा:
वॉचमनच्या केबिनमध्ये पंखा बसवावा काय.
विजेचं बिल कोण भरणार यावर पाऊण तास.
तळमजल्याला पंख्याची गरज काय, इथपासून
आमच्या लहानपणी कुठे होते पंखे, इथपर्यंत.
शेवटी लोणकरांनी हात वर करायला सांगितले.
मी उजवा केला. मग डावा.
खैरनार, माणशी एक.
माहीत आहे, म्हटलं. एकच मोजा.

पंखा एका मतानं पडला.
डावा हात मी जरा उशिरानं खाली घेतला.
खांदा दुखतो हल्ली.