इतर (नमूद करा)

प्रश्न क्रमांक सतरा :
तुमच्या स्वतःच्या नावावर बँकेत खातं आहे का?
एक, होय. दोन, नाही.
अठ्ठ्याऐंशी, माहीत नाही. नव्व्याण्णव, उत्तर दिलं नाही.

रामटेकडीच्या चढावर अंबूबाई खिलारे
दारातच पोतं उपडं करून बसलेल्या.
पुठ्ठा एकीकडे, दुधाच्या पिशव्या एकीकडे,
आणि तिसरा एक ढीग, ज्याला नाव नव्हतं.
हात न थांबवता म्हणाल्या,
आहे की. शाळेत मेळावा होता तवा काढलं.
मी एक दाबलं. टॅब हिरवा झाला.

अठरा : गेल्या तीन महिन्यांत तुम्ही ते वापरलं का?
वापरलं म्हणजे?
म्हणजे पैसे भरले, काढले...
येतात ना पैसे. आले की वाजतात.
कुठे?
त्यांच्या खिशात. खातं माझं, नंबर त्यांचा लावलाय.
मला कळतं, संध्याकाळी घरात मटण आलं की.

खिसा कुणाचा, हे विचारणारा प्रश्न नव्हता.
एकोणीस होता : शाखा घरापासून किती दूर?
बाटलीचं बूच पिरगाळत त्या म्हणाल्या,
चालत पंधरा मिन्टं.
पण आत जायचं तर अर्धा दिवस,
अर्धा दिवस म्हंजी दीडशे रुपये,
शिवाय दारातला वॉचमन
माझ्याआधी माझ्या पोत्याकडं बघतो.
पर्यायात फक्त किलोमीटर होते.
मी 'एकपेक्षा कमी' निवडलं.

खालच्या गल्लीत शमीम आपांची भिशी.
बारा बायका, शाळेची वही,
मागच्या पानावर नातवाचे सतराचे पाढे, दोन ठिकाणी चुकलेले.
हिशोबात मात्र खाडाखोड नाही.
द्रौपदाचं सिझर झालं त्या महिन्यात
सगळ्यांनी आपापला नंबर एकेक घर मागे सरकवला,
कुणी सही केली नाही.
औपचारिक बचत : दोन. दोन. दोन.

सुपरवायझरचा मेसेज :
फॉर्मची सरासरी बावीस मिनिटं, तुमची एक्कावन्न.
काही अडचण आहे का?
मी अंगठा पाठवला.

मग एरंडवण्याचं ऑफिस, एसी, पडद्यावर तक्ता.
डेटा साफ करणं चालू होतं.
हा शब्द मला तिथे पहिल्यांदा खटकला,
साफ.
अकराशे चाळीस ओळी, त्यातल्या कितीतरी नुसत्या एक,
वरून खाली, रांगेत, गुपचूप.
एक्क्याऐंशी टक्के, कुणीतरी वाचून दाखवलं.
चहाबरोबर खारी होती, ती छान होती.

'इतर (नमूद करा)' या रकान्यात
तीसच अक्षरं मावतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
माझं वाक्य असं उरलं होतं :
खाते तिचे, नंबर नवऱ्याचा, मटण
हे मटण काय आहे? साफ करणाऱ्या मुलाने विचारलं.
सगळे हसले. मीही हसले, आधी.
तो म्हणाला, टायपिंग एरर असेल.
ओळ पुसली.

मला तो तिसरा ढीग आठवला.
ह्याचं काय करता, विचारलं होतं मी.
ठेवते, म्हणाल्या होत्या. ह्याचंबी वजन भरतं.

नळ स्टॉपला धायरीची बस बघत उभी होते
तेवढ्यात बाबांचा फोन.
आले गं तुझे पैसे, साडेनऊ हजार. आत्ताच वाजलं.
दहावीच्या स्कॉलरशिपसाठी काढलेलं खातं,
तेव्हा घरात फोन एकच होता.
आता मी चोवीसची.
त्यांनी कधी एक रुपया काढला नाही, खरंच नाही,
फक्त आधी त्यांना कळतं.

बस आली नाही. मी तिथेच ॲप उघडलं,
नंबर बदलायचा होता.
दोन पानं भरली, जन्मतारीख टाकली,
मग अक्षरं आली :
खात्री करण्यासाठी ओटीपी पाठवला आहे,
आपल्या जुन्या नंबरवर.