तेवीस चिठ्ठ्या

मारेगावच्या पुढं, वणी रोडला लागून जिनिंग.
वजनकाट्यामागच्या खोलीत
सरकीच्या पोत्यांवर सतरंजी टाकून वर्ग भरला.
अकरा जण. दोन फिटर, प्रेसवाला, लॅबवाला,
हिशेबाचे दोघे, बाकीचे सुपरवायझर.
फळा नव्हता, म्हणून भिंतीच्या पत्र्यावर
खडूनं लिहिलं, सुधारणा म्हणजे काय?
पत्र्याला गंज होता.
'सु' उमटलाच नाही.
दोन दिवस तिथं नुसतं
'धारणा म्हणजे काय?' असंच राहिलं.

दुपारपर्यंत तेवीस चिठ्ठ्या जमल्या.
गेटला कमान. ऑफिसला काच.
अंगठ्याची हजेरी. आवारात आठ कॅमेरे.
मालकाच्या पोराला आवडलेलं एक ॲप.
हेमराज झाडेची चिठ्ठी सगळ्यांत नेटकी,
प्रेसला नवा पंप, पट्टीनं रेघा मारून
एका बाजूला खर्च, एका बाजूला फायदा.
खर्च पेनानं, फायदा पेन्सिलीनं.

मी गुण देणार होते.
माझ्याकडं एक तक्ता असतो, पाच रकान्यांचा,
याला चार, त्याला दोन, बेरीज केली की झालं.
पण तक्ता एसटीतच राहिला होता
वरच्या फळीवर, कोणाच्या तरी वांग्यांच्या थैलीखाली.
तेव्हा म्हटलं, असं करा,
ज्याच्या हाताशी ही सुधारणा येऊन थांबणार
त्याला चिठ्ठी वाचून दाखवा. मोठ्यानं.
तो जे म्हणेल ते मागच्या बाजूला लिहा.
समजावून सांगायचं नाही.

हे शेवटचं त्यांना फार जड गेलं.

तासाभरानं आले, मिशांत, भुवयांत रुई.
कमानीच्या मागं,
'चौकीदार म्हणे, कापसाची ट्रॉली किती उंच भरते, पाह्यली का?'
अंगठ्याच्या हजेरीमागं,
'सिंधू कोवेनं अंगठा दाखवला.'
एवढंच. काड्या-कवड्या वेचून
गुळगुळीत झालेला, रेघ न उरलेला अंगठा.
ॲपच्या मागं कोरं.
वाचून दाखवायला कोणी सापडलं नव्हतं.

हेमराज सगळ्यांत उशिरा आला.
प्रेसवाला त्याला म्हणाला होता, पंपाले काय धाड भरली,
कापूसच उशिरा येते.
मग तो मागं मागं चालत गेला,
प्रेसकडून रेच्याकडं, रेच्याकडून गंजीकडं, गंजीकडून गेटकडं,
आणि तिथं त्याला दिसलं की ओलावा आपण
माल खाली केल्यावर मोजतो.
ओला निघाला की तीच ट्रॉली परत भरायची, पावटीनं,
आणि मागं वीस गाड्या भोंगे वाजवत उभ्या.
चिठ्ठीच्या पाठीवर लिहून आणलं होतं,
'लॅबचं यंत्र गेटवर. टेबल एक. छत्री एक (घरची आहे).'

लॅबवाला वसीम भडकला. उन्हात कोण बसन?
बराच वेळ भांडले.
कमानीवरून कोणी भांडलं नव्हतं.
मी मधे पडले नाही.

तेवढ्यात सिंधू दारात.
"म्याडम, अन् तुमची चिठ्ठी?"
"माझी?"
"तुमीबी काहीतरी बदलवाले आल्या असान ना."

पर्समधलं पत्र काढून वाचलं.
कार्यशाळा. दोन दिवस. सर्व सुपरवायझर हजर,
त्या काळात दोन रेचे बंद.

"दोन रेचे बंद म्हंजे आमी सहा जणी घरी," ती म्हणाली.
"आमची हजेरी कोन लावते?"

माझ्याकडं उत्तर होतं, चांगलं होतं,
पुढच्या वर्षाचा आकडासुद्धा होता त्यात.
पण नियम मीच केला होता.
पत्र उलटं केलं
आणि ती म्हणाली तसंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशीचा वर्ग
चालू रेच्यांपाशी घेतला, उभ्यानं, ओरडून,
जेमतेम पाऊण तास.
अर्धं कोणाला ऐकूच गेलं नसणार.
त्यानं काय बिघडलं,
ते मी अजून शोधते आहे.