पायथ्याची धार

नकाशात नदी बावीस मीटर.
टेप लावली, तर नऊ.
उरलेले तेरा कुठे गेले
असं मी वहीत लिहिलं नाही,
ते समोरच होते, टेकाड होऊन उभे:
खाणीची कच, फुटकी खडी, वर कुणाकुणाच्या
मोडलेल्या न्हाण्यांच्या निळ्या टाइल्स.

दहिसरच्या या अंगाला डोंगर होता म्हणे.
नागव्वाच्या सासऱ्याने सुरुंगाची भोकं पाडली,
नवऱ्याने घण मारला, तिने पाट्या वाहिल्या.
चांगला दगड गेला बोरिवलीच्या इमारतींत,
नको तो इथे राहिला,
आणि नको ती माणसं त्याच्या पायथ्याशी.

मी विचारलं, पाणी कुठवर येतं?
तिने दाराच्या चौकटीवर बोट ठेवलं:
ही गेल्या वर्षीची. ही धाकट्याच्या बारशाची.
मग हसली. "नदीचं काय, साहेब,
येती तशी जाती, भांडी घासून जाती.
भ्या वाटतं ते ह्येचं."
हनुवटीनेच टेकाड दाखवलं.

टेकाडाच्या बुडाशी करंगळीएवढी धार.
बारा महिने. तिच्याखाली घासलेला तांब्या.
"ही वाहती तवर निजायचं.
गढूळली तर पोरांना चपला घालून निजवायचं.
आन भर पावसात आटली ना,
तर पाणी आत बसलं म्हणायचं.
मग निजायचं नाही."

माझ्या अर्जात बारा रकाने.
उतार, उंची, झोपड्या, पात्रता.
धोका: कमी / मध्यम / जास्त, लागू नसेल ते खोडा.
मी मध्यम ठेवला. कमी आणि जास्त खोडले,
सरळ रेषेत, पट्टी लावून.
धारेला रकाना नव्हता.
निघताना मात्र माझा नंबर
तिने कोळशाने पत्र्यावर लिहून घेतला,
सात उलटा काढून.

आज बुधवार. तीन दिवस कोसळून
सकाळपासून उघडीप. कँटीनच्या खिडकीत
कुणीतरी छत्र्या वाळत टाकल्यात.
वॉर्डातले सगळे म्हणतायत, सुटलो यंदा.

फोन वाजला. मागे पोरांचा गलका,
कुणीतरी चपला शोधतंय.
"साहेब, तांब्या ठेवलाय कवाचा,"
ती म्हणाली,
"भरंना."