हातगुण

बिश्केकहून आलेली ती पोरगी, साल्तानात,
सकाळपासून हात धुवून आमच्या मागे लागली होती.
अक्षरशः.
तळवा, पालथा हात, बोटांच्या बेचक्या,
अंगठा राहिला, बुरुल-एजे, अंगठा.

एकतीस वर्षं नारिनच्या या इस्पितळात
मी सुया टोचल्या, नाळा कापल्या, मेलेल्यांचे डोळे मिटले.
तिला काय ठाऊक
जानेवारीत इथला नळ कसा चावतो ते.
हात धुतले की भेगा, भेगांतून रक्त,
रात्री मेंढीच्या शेपटीची चरबी चोळायची
आणि सकाळी पुन्हा तोच नळ.
म्हटलं, आधी पाणी तापवायची सोय कर,
मग अंगठ्याचं बघू.
ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी तिनं वॉर्डातले दिवे मालवले
आणि पिशवीतून एक जांभळा दिवा काढला.
पहाटे म्हणे तिनं भुकटी चोळून ठेवली होती,
नुसत्या डोळ्यांना न दिसणारी,
एकाच जागी:
सात नंबरच्या खाटेच्या कठड्याला,
जिथल्या माणसाची जखम महिनाभर वाहतेय.

दाराची मूठ उजळली.
मग तापाचा तक्ता, रक्तदाबाचा पट्टा,
किटलीची दांडी, माझ्या पेल्याची कड.
अनाराच्या कानामागे, जिथं ती केस खोचते.
परवाच पोट शिवलेल्या म्हाताऱ्या गुराख्याच्या
चिकटपट्टीवर
एक बोट, वळ्यांसकट.
माझंच. टोकावरची ती भेग मी कुठेही ओळखेन.

कुणीतरी हसलं. मग थांबलं.

दिवा शेजारच्या खोलीत गेला.
काचेच्या पेटीत नऊ दिवसांचं पोर,
आई डोंगरापलीकडे, रस्ता बर्फानं बंद.
त्याच्या लोकरीच्या टोपीवर
चार बोटं, निळी.
दुपारी ते रडत होतं.
मी फक्त हात फिरवला होता.

या गावात म्हणतात, बुरुलच्या हाताला गुण आहे.
ताप आला की माझा हात मागतात, गोळी नंतर.

दिवे लागले तेव्हा साल्तानात तिथं नव्हती.
मागच्या खोलीत समोवारात कोळसे घालत होती,
शहरी पोरगी, गालाला काजळी.
घमेल्यात वाफाळतं पाणी ओतलं तिनं,
कोपर बुडवून पाहिलं, बाळाच्या अंघोळीला पाहतात तसं,
आणि काहीच बोलली नाही.

मी बाह्या वर सारल्या.
टोपी आधी बुडवली, वेगळ्या भांड्यात.
मग विचारलं,
अंगठ्याचं काय म्हणत होतीस?